डावीकडची भीती

खालच्या तालुक्याचे सरसेनापती शौर्यराज खुटाळे लढाई सुरू झाल्यावर थोड्याच वेळात पडले. पडले म्हणजे उभेच होते. वरच्या तालुक्याची चिकाची तोफ त्यांच्याकडे वळली, ती वळताना त्यांनी नीट पाहिली, नळीला रंग चांगला दिलाय असं शेजारच्याला सांगितलं, आणि ते जागचे हलले नाहीत. हलायला आधी काहीतरी वाटावं लागतं. शौर्यराजना काही वाटत नसे. सरसेनापतिपद त्यांना त्याच गुणावर मिळालं होतं.

चीक कुणाला मारत नाही. अंगावर पडला की फुगतो, वाळतो, आणि बुचासारखा हलका पण दगडासारखा कडक होतो. श्वासाची ऊब लागेल तिथे विरघळतो, म्हणून नाकतोंड तेवढं मोकळं राहतं. बाकी माणूस ज्या पोझमध्ये सापडला त्याच पोझमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. शौर्यराज उजवा हात उंचावून शत्रूकडे बोट दाखवत होते. त्यांना तसंच उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवलं. दुपारपर्यंत त्याच ट्रॉलीत पुढच्या फळीतले बहुतेक सगळे वीर जमा झाले. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, कुणीतरी पुतळ्यांची ऑर्डर रद्द केली आणि माल परत चाललाय.

"माघार नाही!" शौर्यराज ट्रॉलीतून ओरडत होते. त्यांच्यापुरतं ते खरंही होतं.

तेव्हा सेनापतिपद आलं उपसेनापती तन्मय लोंढेकडे. तन्मय म्हणजे शौर्यराजचा मेहुणा, खुटाळ्यांचा जावई. धंदा मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा. तो कालव्याच्या दरवाजाजवळच्या केबिनमध्ये उभा होता आणि त्याच्या हातात सासऱ्याचा फोन होता. सासरे आप्पासाहेब खुटाळे, पाणी संघर्ष समितीचे अध्यक्ष, मागे पंखे लावलेल्या तंबूत बसून लढत होते.

"जावईबापू, काय परिस्थिती?"

"मामा, पहिली फळी संपली."

"संपली म्हणू नका. अमर झाली म्हणा. चॅनेलवाले बसलेत इथं."

"बरं. अमर झाली आणि ट्रॉलीत आहे."

"मग दुसरी पाठवा की."

"दुसरीपण अमर झाली."

"शौर्या कसा आहे?"

"बोट दाखवतोय."

"वाघ आहे वाघ," आप्पासाहेब म्हणाले आणि त्यांनी फोन चॅनेलवाल्यांकडे दिला.

ही लढाई कशासाठी चालली होती ते सांगायला हवं, कारण लढणाऱ्यांपैकी कित्येकांना तेवढं सोडून बाकी सगळं पाठ होतं. पाण्याचे दावे कोर्टात इतके तुंबले की सरकारने शेवटी मर्यादित लढतीचा कायदा आणला. दोन तालुक्यांत कालव्याच्या पाण्यावरून वाद असेल, तर त्यांनी एक दिवस लढून घ्यायचं. हत्यार म्हणून फक्त चीक. सूर्य मावळेपर्यंत. पंच म्हणून सरकारने नेमलेला एक माणूस उंच खुर्चीवर छत्री आणि शिट्टी घेऊन बसणार. कालव्याचा तांबडेवाडीचा दरवाजा सूर्य मावळताना उघडा राहिला तर उन्हाळाभराचं पाणी खालच्या तालुक्याला. कुणी चाक फिरवून तो बंद केला तर वरच्या तालुक्याला. वकिलांनी विरोध केला, पण पंचांच्या नेमणुका त्यांनाच मिळाल्यावर त्यांना कायद्यातलं तत्त्व पटलं.

मागच्या उन्हाळ्यात खालचा तालुका हरला होता. तन्मयच्या बायकोने, ईश्वरीने, तेव्हा तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी दारातल्या शेवग्याला, असं करत चैत्र काढला. वैशाखात शेवगा गेला. पुढे टँकरच्या रांगेत म्हातारी माणसं जायला लागली तेव्हा लोक शेवग्याबद्दल बोलायचे थांबले. आप्पासाहेबांच्या बंगल्यातलं कारंजं मात्र चालू होतं. त्यामुळे तालुक्याचं मनोधैर्य टिकतं, असं त्यांनी मुलाखतीत सांगितलं होतं.

मनोधैर्याचा विषय निघालाच आहे, तर टिकलीबद्दल.

कानामागे चिकटवायची ही टिकली पुण्याच्या दोन तरुण शास्त्रज्ञांनी शोधली ती हृदयरोग्यांसाठी. माणूस घाबरला की त्याच्या घामातली रसायनं बदलतात, कातडीतून वीज सहज वाहायला लागते आणि नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर बिघडतं. टिकली हे तिन्ही मोजते आणि एक आकडा देते. शास्त्रज्ञांनी त्याला भीतीचा निर्देशांक म्हटलं होतं. विकणाऱ्याने तो शंभरातून वजा केला आणि शूरांक असं नाव ठेवलं. एवढीच वजाबाकी. तिच्यावर त्याने चार मजले बांधले.

दोनतीन वर्षांत लग्नाच्या बायोडाटात उंची आणि रंगाच्या वर शूरांक आला. नव्वदच्या पुढे आकडा असेल तर वाहन परवान्याची चाचणी माफ झाली. सरपंच, तालुकाध्यक्ष, दहीहंडीतला वरचा थर, सगळं आकड्यावर. जे लोक आयुष्यभर कशानेच हलले नव्हते, आईच्या आजारपणाने नाही, शेजारच्या आगीने नाही, ते अचानक थोर ठरले. त्यांच्या सत्कारांना ते वेळेवर येत आणि काही न वाटता हार घालून घेत.

शौर्यराजचा शूरांक सत्त्याण्णव. त्याची सख्खी बहीण ईश्वरी हिचा सात. कुकरची शिट्टी होणार म्हणून ती तीन खोल्या लांब जाऊन उभी राही. सात हा तालुक्यातला सगळ्यात खालचा आकडा होता आणि आप्पासाहेबांनी तो अंगावर गळू असल्यासारखा लपवला होता. तिच्यासाठी त्यांनी एक्क्याण्णवचा जावई शोधून काढला. "पुढच्या पिढीची सरासरी सुधारेल," असं ते लग्नाच्या मांडवात माइकवर म्हणाले.

तन्मयच्या एक्क्याण्णवचं रहस्य ईश्वरीला लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी कळलं. तो अर्धशिशीसाठी रोज दोनदा अर्धी गोळी घ्यायचा. ती गोळी हृदयाची धडधड दाबते. हात थरथरत नाहीत, नाडी उधळत नाही, आणि शरीराने घाबरायचं बंद केलं की डोक्यालाही हळूहळू वाटायला लागतं की विशेष काही घडलेलं नाही.

"म्हणजे तुम्ही शूर नाही?" तिने विचारलं होतं.

"माझं डोकं दुखत नाही एवढंच."

तिला तेव्हा इतकं बरं वाटलं होतं की तिचा आकडा काही क्षण बावीस झाला होता.

आता रणांगणावर या दोघांच्या मध्ये एक टेकाड आणि एक संगणक होता. संगणकाचं नाव कारभारी. कुणी कुठे उभं राहायचं ते तो ठरवायचा. मोठा आकडा पुढे, लहान मागे, अगदीच लहान टेकाडावर स्वयंपाकाला. स्वयंपाकाचा तंबू टेकाडावर होता, कारण खाली असता तर धूर आप्पासाहेबांच्या पंख्यात गेला असता. तिथे ईश्वरी आणि तिच्यासारखे पंधरावीस जण सकाळपासून कांदे चिरत होते. समोर सगळा बांध, बांधाचा दगडी उतार आणि त्यापलीकडचं गवत त्यांना स्पष्ट दिसत होतं. पाहायला कुणी सांगितलं नव्हतं.

वरच्या तालुक्याने घोरपडी आणल्यात, ही बातमी सकाळीच आली होती. हातभर लांबीचं यंत्र, पोटाखाली चिकटणारे पाय, पाठीवर चिकाची पिशवी. कातडी अशी की दगडावर दगड, गवतात गवत. वाऱ्याने गवत हललं की तेवढंच पुढे सरकायचं, वारा थांबला की थांबायचं. सकाळपासून एकही घोरपड कुणाला दिसली नव्हती. ड्रोनलाही नाही. बांधावरचा वीर छाती काढून उभा असे, आणि मग त्याच पोझमध्ये ट्रॉलीत असे. मधलं कुणी पाहिलेलं नव्हतं.

तन्मय पडद्यावर तिसऱ्या फळीचे आकडे बघत होता तेव्हा ईश्वरीचा फोन आला.

"अहो, मला भीती वाटतेय."

"ईश्वरी, तुला रोजच वाटते. मी जरा लढाईत आहे."

"ही ती नाही. ही डावीकडे वाटतेय."

"काय?"

"डावीकडे. निवासकाकांनापण तिकडंच वाटतेय. कुसुममावशी तर कांदा टाकून टेबलाखाली जायला बघताहेत. आधी जांभळाच्या झाडाजवळ वाटत होती. आता पंपाजवळ आलीय."

"काय दिसतंय तिथे?"

"काहीच नाही हो. दिसलं असतं तर सांगितलं नसतं का? नुसती वाटतेय."

तन्मयने पंपाकडे पाहिलं. पंपाजवळ शूरांक ब्याण्णवचा एक वीर मिशीला पीळ देत उभा होता. वारा आला, गवत हललं. फस्स असा आवाज झाला. वीर मिशीला पीळ देत राहिला, कायमचा. निदान उद्यापर्यंत.

तन्मयने पडद्यावर टेकाडावरचे आकडे उघडले. त्यांच्याकडे कुणी कधी पाहत नसे, कारभारीने ते पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत टाकले होते. सगळ्या कांदे चिरणाऱ्यांचे आकडे एकाच क्षणी ढासळले होते. वीर चिकात जाण्याच्या आधी.

आणि त्याला त्याच्या शाळेतले शिकाऊ ड्रायव्हर आठवले. जे फार घाबरट असत ते मध्येच ब्रेक दाबत आणि मग विचारत, "काय झालं?" मग उसाच्या कडेतून कुत्रं बाहेर येई. त्यांच्या पायाला कुत्रं आधी कळलेलं असे. डोळ्यांतून मेंदूत जायला दोन वाटा आहेत. एक लांबची, तिच्यावर माणूस काय बघतोय ते ओळखतो, नाव देतो, मत बनवतो. दुसरी जवळची आणि फार जुनी. ती काही ओळखत नाही, फक्त अंगावर काटा आणते. घोरपडीची कातडी लांबच्या वाटेला फसवत होती. जवळच्या वाटेला रंगाशी देणंघेणं नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की जो दगड मघाशी तिथे होता, तो आता जरा इकडे आहे.

थोडक्यात, खालच्या तालुक्याकडे या भागातलं सगळ्यात चांगलं टेहळणीचं यंत्र होतं आणि तालुक्याने ते कांद्याला लावलं होतं.

"ईश्वरी, सगळ्यांना घेऊन खाली ये. बांधावर."

पलीकडे सुरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "अहो, आम्ही भित्रे आहोत."

"म्हणूनच. येताना खुर्च्या आणा. उभं राहिलात तर पळाल."

कारभारीला मात्र हे पटलं नाही. तन्मयने नावं बांधावर ओढली, तर त्याने विचारलं, "आपण खरोखर भित्र्या व्यक्तींना पुढे पाठवू इच्छिता?" तन्मयने हो म्हटलं. कारभारीने पुन्हा विचारलं, "आपल्या पूर्वजांना काय वाटेल?" त्यालाही हो म्हटलं, कारण नाहीचं बटण नव्हतं. मग धैर्यावरची एक चित्रफीत लागली, ती सोडून पुढे जाता येत नव्हतं. तिच्यात एक सिंह आणि आप्पासाहेब आळीपाळीने दिसत होते. तेवढ्यात बांधावरचे आणखी दोघे वीर अमर झाले.

आप्पासाहेबांचा फोन आलाच.

"जावईबापू, ही काय थट्टा लावलीय? प्लास्टिकच्या खुर्च्या? बांधावर? आचारी?"

"मामा, त्यांना घोरपडी कळतात."

"त्यांना काय कळतंय? माझी पोरगी पालीला बघून शेजारच्या घरात जाते!"

"तेच म्हणतोय मी."

"अहो, चॅनेलवर दिसतंय सगळं! उद्या वरच्या तालुक्यात माझं तोंड—"

"मामा, दरवाजा गेला तर तोंड धुवायला पाणी नाही."

आप्पासाहेबांना आयुष्यात असं कुणी बोललं नव्हतं. तेवढ्यात तन्मयने फोन ठेवला. एक्क्याण्णव आकड्याचा तो फायदा होता.

नवी मांडणी अशी झाली. बांधावर एकेका खुर्चीत एक भित्रा, दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून. प्रत्येकाच्या मागे एक वीर, हातात चिकाची पिचकारी. वीराला हुकूम एवढाच की पुढचा माणूस ज्या दिशेला थरथरेल तिथे मारायचं, स्वतः काही बघायचं नाही, विचार तर करायचाच नाही. हे वीरांना लगेच जमलं.

"माझ्यामागं हा उभा राहिलाय त्याचीच भीती वाटतेय मला," निवासकाका म्हणाले. निवासकाकांना स्वतःच्या फोनची रिंग वाजली तरी घाम फुटायचा.

"काका, ती बाजूला ठेवा. समोरची सांगा."

"समोर... त्या गोल दगडापाशी... आई गं!"

वीराने पिचकारी मारली. गोल दगडाजवळ चीक फुगला आणि चिकाच्या आत काहीतरी पाय झाडायला लागलं. निवासकाका ताठ बसले, मग आपण ताठ बसलोय हे लक्षात येऊन घाबरले.

"मी मारली," मागचा वीर चॅनेलच्या कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाला.

त्यानंतरची दुपार वरच्या तालुक्याला वाईट गेली. कुसुममावशी किंचाळल्या की एक घोरपड कमी व्हायची. त्या मधूनमधून उगीचही किंचाळायच्या, पण चीक भरपूर होता. दगडी उतारावर पांढऱ्या फुगवट्यांची रांग लागली. ट्रॉलीत नवा माल येणं थांबलं. पंचाने छत्री मिटून वाकून पाहिलं आणि पुन्हा उघडली. उन्हं उतरायला लागली तेव्हा तन्मयला पहिल्यांदा वाटलं की हे टिकेल.

फक्त एक जागा उघडी होती. दरवाजाची केबिन. दरवाजाचं चाक तिथेच होतं, केबिनच्या खालून दरवाजाची विहीर थेट कालव्यात उतरत होती. एक माणूस बसेल एवढीच जागा. आणि भित्रे संपले होते.

ईश्वरी डबा घेऊन केबिनच्या दारात आली. तिची खुर्ची शेजारीच होती. डब्याच्या झाकणात अर्धी गोळी होती, रोजच्यासारखी.

"तुम्ही दुपारची घेतली नाहीत."

"हो."

"सकाळची उतरत आली असेल. तुमचा आकडा सत्तर झालाय, पडद्यावर दिसतोय."

"इथे कुणीतरी घाबरणारं बसायला हवं, ईश्वरी. गोळी घेतली तर मी पण तसलाच ठोकळा. ट्रॉलीतल्यासारखा."

तिने झाकण पुढे धरून ठेवलं. "साठच्या खाली गेलात की कारभारी काढून टाकेल तुम्हाला. सगळ्यांसमोर. भोंग्यावर सांगतो तो. मग बाबा मला इथूनच घरी नेतील. माझं लग्न माणसाशी नाही, आकड्याशी लावलंय त्यांनी. तुम्हाला माहितेय."

"माहितेय."

"मग?"

तन्मयने बांधाकडे पाहिलं. खालच्या तालुक्यातले सगळ्यात तुच्छ मानलेले लोक खुर्च्यांत बसून लटपटत होते आणि एकही उठला नव्हता.

"तुला काय वाटतं?" त्याने विचारलं.

"मला विचारू नका. मला सगळ्याचीच भीती वाटते. गोळी घेतली तरी वाटतेय, नाही घेतली तरी वाटतेय."

"जास्त कशाची?"

ईश्वरीने विचार केला. हा प्रश्न तिला कुणी कधी विचारला नव्हता. तिच्या भीतीत जास्त आणि कमी असं काही असेल, हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"पुढच्या उन्हाळ्याची," ती म्हणाली. तिने झाकण मागे घेतलं, गोळी कालव्यात टाकली, आणि आपल्या खुर्चीवर जाऊन दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा तन्मयला घाम फुटला. आधी सासऱ्याची भीती वाटली. ती बरीच मोठी होती, तिला वेळ लागला. तिच्या मागून कितीतरी जुन्या भीती आल्या, गोळीमुळे वर्षानुवर्षं दाराबाहेर थांबलेल्या. घाटात क्लच सोडून दिलेल्या एका शिकाऊ बाईची भीती, जी त्याला तेव्हा वाटायला हवी होती. वडिलांच्या ऑपरेशनची. मांडवात ईश्वरीकडे पहिल्यांदा पाहिलं त्याची. आकडा पासष्ट झाला, एकसष्ट झाला. एक्क्याण्णव शूरांकाचा माणूस आतून इतका भरलेला असतो हे त्यालाही नवीन होतं.

मग एक भीती आली ती वेगळी होती. तिला दिशा होती.

खाली.

पायांखाली, केबिनच्या फळ्यांच्या खाली, विहिरीत. त्याने वाकून पाहिलं. ओला दगड, शेवाळ, अंधार. काही नव्हतं. अंगावरचा प्रत्येक केस म्हणत होता, आहे.

"सेनापती तन्मय लोंढे," भोंग्यातून कारभारीचा गोड आवाज आला. "शूरांक अठ्ठावन्न. आपल्याला पदमुक्त करण्यात येत आहे. सेवेबद्दल आभार."

तन्मयने केबिनमधल्या पिचकारीचं तोंड फळ्यांच्या फटीत घातलं आणि होता नव्हता तेवढा चीक खाली सोडला. विहिरीत काहीतरी फसफसलं, आपटलं, पुन्हा आपटलं आणि थांबलं. चीक फुगत वर आला, फळ्या उचलल्या गेल्या, दरवाजाच्या दांड्याला, साखळीला, चाकाला लपेटला आणि वाळला. चाकाच्या आऱ्यांत घोरपडीचा एक पाय अडकलेला दिसत होता. चाकाला टेकला होता तो. दरवाजा जसा होता तसाच, उघडा, चिकात गच्च. आता तो वरच्या तालुक्याने, खालच्या तालुक्याने किंवा प्रत्यक्ष सरकारने बंद करायचा म्हटला तरी उद्यापर्यंत होणार नव्हता.

"नवे सेनापती," भोंगा म्हणाला, "उपलब्ध व्यक्तींतील सर्वोच्च शूरांकानुसार, श्री. शौर्यराज खुटाळे. शूरांक अठ्ठ्याण्णव."

शौर्यराज ट्रॉलीत उभ्याउभ्याच झोपला होता. झोपेत त्याचा आकडा एकाने वाढला होता.

पंचाने शिट्टी मारली. खालचा तालुका जिंकला होता, नव्या सेनापतींच्या नेतृत्वाखाली, आणि त्यांच्या कारकिर्दीला अजून एक मिनिटही झालं नव्हतं.

कुणीतरी चूक दुरुस्त केली असती असं वाटत असेल तर तसं काही नाही. विजयाचा फ्लेक्स आदल्या आठवड्यातच छापून झाला होता. त्याच्यावर शौर्यराज होता, सिंह होता, आप्पासाहेब होते. दुसरा फ्लेक्स छापायचा म्हणजे वेळ जातो. शिवाय फोटोतही शौर्यराज बोट दाखवत होता आणि ट्रॉलीतही बोट दाखवत होता, हे जुळणं सगळ्यांना शुभ वाटलं. हार आले. चिकावर हार छान बसला. कुंकू लावलं, तेही नीट लागलं, कारण तो हलत नव्हता.

खुर्च्यांवरची माणसं उठून कांद्याकडे गेली. जेवण व्हायचं होतं. निवासकाकांच्या मागचा वीर तिसऱ्या चॅनेलला मुलाखत देत होता.

आप्पासाहेब ट्रॉलीत चढले, मुलाच्या शेजारी उभे राहिले आणि तिथून जावयाकडे पाहिलं. साडी चुकीची नेसून आलेल्या पाहुणीकडे बघावं तसं.

"अठ्ठावन्न," ते म्हणाले. "माझ्या घरात. आणि किती वर्षं फसवत होता?"

"आता तेहेतीस झालाय," तन्मय म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "उतरतोय अजून."

"ईश्वरी, चढ वर. घरी चल. हा विषय संपला."

ईश्वरी बांधावर उभी होती. वडिलांच्या आवाजाने ती सवयीने अर्धं पाऊल पुढे आली. मग थांबली. तिने ट्रॅक्टरकडे पाहिलं, बांधावरून कालव्याच्या कडेने जाणाऱ्या अरुंद रस्त्याकडे पाहिलं, पुढच्या वळणाकडे पाहिलं, आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

"मी नाही," ती म्हणाली. "बाबा, तुम्हीपण उतरा. मला तिकडं भीती वाटतेय. वळणावर."

"हिला वळणाची भीती वाटतेय!" आप्पासाहेब मोठ्याने म्हणाले आणि ट्रॉलीभोवतीचे सगळे हसले. ट्रॉलीतले हसले नाहीत, त्यांचे गाल वाळले होते. "चल रे!"

वाजंत्री लागली. ट्रॅक्टर निघाला, फ्लेक्स फडफडला. ड्रायव्हरने वळण पाहिलं. तो तन्मयच्या शाळेत कधी आला नव्हता, चाचणी त्याला माफ झाली होती. वळण जवळ येत असताना त्याने ते शांतपणे, अगदी नीट पाहिलं.

त्याचा शूरांक त्र्याण्णव होता.

कुणाला लागलं नाही. कालव्यात पाणी कमरेएवढं होतं, आणि ते आता खालच्या तालुक्याच्या मालकीचं होतं. ट्रॉली कलंडली तसे वीर एकेक करून पाण्यात उतरले आणि बुचासारखे वर आले. शौर्यराज सगळ्यांच्या पुढे, पाठीवर, हारासकट, बोट आकाशाकडे. खालच्या गावांत बायका नारळ आणि हळदकुंकू घेऊन पहिल्या पाण्याच्या पूजेला पुलावर उभ्या होत्या. त्यांना पाण्याबरोबर हे आलेलं दिसणार होतं, आणि त्या त्याचीही पूजा करणार होत्या. तिथे दोन वर्षांत त्याचं देऊळ झालं तर कुणी नवल करू नये.

आप्पासाहेब कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ओरडत होते. "जावईबापू! अहो हात द्या! जावईबापू!"

"बघ, पुन्हा जावई झालो," तन्मय म्हणाला. त्याने बांधावरून दोर खाली सोडला, खांबाला बांधला आणि तिथून निघाला. ओढून काढायला वीर पुष्कळ होते.

त्याची स्कूटर स्वयंपाकाच्या तंबूमागे होती. ईश्वरी त्याच्या मागोमाग आली. चालता चालता तिने कानामागची टिकली काढली आणि कुठे टाकायची ते न कळून त्याच्या शर्टाच्या बाहीला चिकटवली. मग त्याच्या कानामागची काढून तिच्या शेजारी लावली.

स्कूटर सुरू करताना त्याला किल्ली दोनदा लावावी लागली.

"तुम्हाला भीती वाटतेय," ती म्हणाली.

"हो. तुला?"

"हो."

"कुठल्या बाजूला?"

ईश्वरी मागे बसली. तिने डोळे मिटले आणि नीट, वेळ घेऊन पाहिलं.

"सगळीकडे," ती म्हणाली. "तुमच्या बाजूला जरा कमी."